सिसिफसची केस: दगडाच्या आधी काय काय झालं

ग्रीक पुराणकथांतला राजा सिसिफस म्हटलं की दगड. डोंगर, घाम, वर नेलेला दगड परत खाली, संपला विषय. शिक्षा सगळ्यांना पाठ आहे, पण गुन्हा काय होता विचारलं की "देवांना फसवलं ना त्याने काहीतरी" एवढ्यावर गाडी थांबते. त्यात वाचणाऱ्यांचाही दोष नाही म्हणा, खुद्द महाकवी होमरने ओडिसीच्या 11 व्या सर्गात दगडाचं वर्णन तब्येतीत केलंय आणि कारण मात्र एका अक्षरानेही दिलेलं नाही. कारणं येतात ती नंतरच्या लोकांकडून, तुकड्या तुकड्यात, कुणी कवी, कुणी वंशावळी गोळा करणारा, कुणी गावोगाव फिरून देवळं बघणारा. ते तुकडे शेजारी शेजारी मांडले की मग केस उभी राहते. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा माणूस देवांशी लढला असं म्हणणं चूकच आहे, लढाई त्याने एकदाही केली नाही. त्याने देवांचे नियम नीट वाचले, फट कुठे आहे ते हेरलं आणि दोनदा मृत्यूच्या तावडीतून सुटला. आणि दगडाची शिक्षा त्याच्या ह्या सवयीच्या बरोबर मापाने बेतलेली आहे.

आधी माणूस कोण ते बघू. थेसलीचा राजा इओलस, त्याचा हा मुलगा. भाऊ बरेच, त्यातले अथामस आणि साल्मोनियस हे दोघं लक्षात ठेवा, पुढे लागतील. सिसिफसने इफिरा नावाचं शहर वसवलं, तेच पुढे कोरिंथ झालं. बायको मेरोपी, अ‍ॅटलसची मुलगी, म्हणजे आपण आकाशात ज्यांना कृत्तिका म्हणतो त्या बहिणींपैकी एक. सात जणींत मर्त्य माणसाशी संसार केला तो हिनेच, आणि रोमन कवी ओव्हिड म्हणतो की त्या लाजेपोटीच तिचा तारा लपून बसतो. नवऱ्याची ख्याती बघता लाज नेमकी मर्त्य असण्याची होती की आणखी कशाची, देव जाणे. होमर इलियडमध्ये त्याला माणसांमधला सगळ्यात चतुर म्हणतो, आणि ते कौतुक आहे की टोमणा हे कळत नाही, बहुतेक दोन्ही.

आधीचा रेकॉर्ड

ऑटोलिकस नावाचा एक चोर होता, साधासुधा नाही, हर्मिस देवाचा मुलगा. चोरलेल्या जनावराचा रंग, खुणा, शिंगं बदलून टाकायची विद्या बापाकडून मिळालेली, त्यामुळे मुद्देमाल समोर उभा असला तरी ओळखता यायचा नाही. सिसिफसच्या कळपातली गुरं कमी व्हायला लागली आणि ऑटोलिकसचा कळप वाढायला लागला. आता दुसरा कुणी असता तर माणसं घेऊन मारामारीला गेला असता. ह्याने काय केलं तर आपल्या गुरांच्या खुरांना खालून खूण केली. एका कथेत तर खुरांत शिसं ओतून त्यावर अक्षरं कोरली, म्हणजे गुरं चालली की मातीत ठसा उमटणार "ऑटोलिकसने चोरलं" असा. चोर रंग बदलेल, शिंगं बदलेल, पण जनावराचा पाय उचलून खाली कोण बघतो? झालं, ठशांच्या मागे मागे गेला आणि गुरं सोडवून आणली.

पण हा हिशोब तिथेच मिटला नाही. त्याच भानगडीत त्याने ऑटोलिकसची मुलगी अँटिक्लिया हिच्याशी संबंध ठेवले, नंतर तिचं लग्न इथाकाच्या लेअर्टिसशी झालं आणि तिला झालेला मुलगा म्हणजे ओडिसीचा नायक ओडिसिअस. म्हणून ग्रीक नाटकांत ओडिसिअसला हिणवायचं असेल तर "सिसिफसचा पोरगा" म्हणतात, नाटककार सोफोक्लीसने इ.स.पू. 409 साली केलेल्या नाटकातसुद्धा ही शिवी आहे. होमर मात्र लेअर्टिसलाच बाप मानतो.

ह्याला हिरो करायची घाई असलेल्यांनी भाऊ साल्मोनियसचं प्रकरणही वाचावं. दोघांचं हाडवैर. सिसिफसने भविष्यवाणी मागितली, भावाचा काटा कसा काढू? उत्तर आलं, त्याच्याच मुलीपासून तुला मुलं झाली तर ती सूड घेतील. आणि ह्या गृहस्थाने खरोखर सख्ख्या पुतणीला, टायरोला, त्यात ओढलं. तिला नंतर ती भविष्यवाणी कळली आणि तिने स्वतःची दोन्ही मुलं मारून टाकली. ही हकीकत लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या हायजिनसने दिलीय, तिथे मजकूर मध्येच तुटलेला आहे आणि तुटल्यानंतर थेट दगड येतो. म्हणजे एका परंपरेत दगडाचं कारण हेच. देवांचा राजा झ्यूस वगैरे नाहीच. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कारभारात शिक्षेला सगळ्यात लायक गोष्ट हीच होती, पण गाजली ती दुसरी, कारण दुसरीत देव दुखावले गेले.

पाण्याचा सौदा

आता मुख्य केस. त्यासाठी कोरिंथ कुठे आहे ते डोळ्यासमोर आणा. वर ग्रीसची मुख्य भूमी, खाली पेलोपोनीज, आणि दोघांना जोडणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी, इतकी चिंचोळी की 1893 मध्ये तिथे कालवा खणून पूर्ण झाला त्याची लांबी जेमतेम 6.4 किलोमीटर. पट्टीच्या दोन्ही बाजूंना समुद्र, कोरिंथची दोन बंदरं, पश्चिमेला लेखायन आणि पूर्वेला केंख्रिया. आणि गावाच्या डोक्यावर अ‍ॅक्रोकोरिंथ, 575 मीटर उंचीचा सुटा खडक. वरून दोन्हीकडचे समुद्र दिसतात. म्हणजे उत्तर दक्षिण जायचं असो की पूर्व पश्चिम, कुणीही ह्या माणसाच्या नजरेखालूनच जाणार. ह्याची अर्धी हुशारी तर ह्या खडकाची होती असं माझं स्पष्ट मत आहे.

पश्चिमेला फ्लियसच्या बाजूला असोपस नावाची नदी, आणि ग्रीकांच्या हिशोबाने नदी म्हणजे पुरुष देव. त्याची मुलगी एजिना. तिला झ्यूसने पळवलं आणि पूर्वेकडच्या समुद्रातल्या ओइनोनी बेटावर नेलं, ज्याला पुढे तिचंच नाव पडलं. फ्लियसहून त्या बेटाकडे जायची वाट कोरिंथवरून. सिसिफसने बघितलं आणि गप्प बसला.

मग बाप मुलीला शोधत आला. प्रवासी लेखक पॉसेनियस इ.स. 2 ऱ्या शतकात कोरिंथला गेला होता, त्याने तिथली हकीकत लिहून ठेवलीय की सिसिफसला सगळं माहीत होतं पण आधी अ‍ॅक्रोकोरिंथवर झरा पाहिजे, त्याशिवाय माहिती देणार नाही म्हणाला. असोपसने झरा दिला, ह्याने नाव सांगितलं.

सोनं मागितलं नाही, राज्य मागितलं नाही, वर पाणी मागितलं. गडकोट हिंडलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको, टाकं कोरडं पडलं की तट कितीही जाड असू दे, वेढा झेपत नाही. भूगोल लिहिणारा स्ट्रेबो ह्या वरच्या झऱ्याबद्दल सांगतो की त्याचं पाणी बाहेर वाहून जात नाही पण कायम भरलेलं, नितळ आणि पिण्याजोगं असतं. तिथेच खाली सिसिफसच्या नावाच्या पांढऱ्या दगडातल्या इमारतीचे अवशेषही त्याने नोंदवलेत. झऱ्याचं नाव पिरीनी, आणि कोरिंथचे लोक सांगायचे की पुढे ह्याच पाण्यावर सिसिफसचा नातू बेलेरोफोन याने उडता घोडा पेगासस पकडला.

असोपस चिडून झ्यूसच्या मागे धावला, झ्यूसने वीज फेकून त्याला परत त्याच्या पात्रात ढकललं, आणि त्या नदीच्या तळाशी कोळसे सापडतात ते त्यामुळेच अशी गोष्ट लोक सांगायचे. बाप हरला. एजिनाला बेटावर मुलगा झाला, आयाकस, हे नाव पण जरा बाजूला ठेवा.

आता इथे एक मिनिट थांबून आरोपपत्र वाचा. सिसिफस खोटं बोलला का? नाही. चोरी केली का, देवळाला हात लावला का, नाही. त्याने एका बापाला त्याच्या पळवलेल्या मुलीचा खरा पत्ता दिला. फुकट दिला नाही हे कबूल, फी घेतली, आणि बापाची अगतिकता बघून घेतली, ते काही शोभत नाही. पण फी घेतली म्हणून झ्यूस चिडलेला नाही ना, तो चिडला नाव फुटलं म्हणून. आणि हे उघड बोलताही येत नाही, कारण शिक्षा सुनावायची तर आधी स्वतःचा उद्योग सांगावा लागणार. मग काय केलं तर वीज वगैरे न फेकता गुपचूप मृत्यूला पाठवून दिलं, जसं काही ह्याची वेळच भरली होती. मला तरी हे असंच दिसतं.

मृत्यूलाच बांधला

इथून पुढचा सगळ्यात जुना सलग वृत्तांत वंशावळी गोळा करणाऱ्या फेरेकायडीसचा, इ.स.पू. 5 व्या शतकातला, आणि तोही सारांश रूपाने हाताशी आलेला. थॅनाटॉस म्हणजे मृत्यू, रात्रीचा मुलगा, झोपेचा जुळा भाऊ. सिसिफसने तो येतोय हे आधीच ओळखलं (पुन्हा तोच खडक, वरून सगळं दिसतं) आणि त्याला घट्ट बांधून ठेवलं. सारांशात एवढंच आहे. "ही साखळी कशी चालते जरा दाखव की" म्हणून त्याला त्याच्याच साखळीत अडकवलं हा जो सीन आज सगळीकडे सांगतात तो तिथे नाही, सीन भारी आहे आणि माणसाच्या स्वभावाला शोभतो, पण तिथे नाही.

परिणाम काय झाला? माणसं मरायची बंद. एकाला पकडण्यासाठी पाठवलेला अंमलदारच कोठडीत, त्यामुळे सगळं खातं ठप्प. शेवटी सोडवायला कोण आलं तर आरेस, युद्धाचा देव. त्याचं दुखणं समजण्यासारखं आहे, दोन सैन्यं दिवसभर भिडली आणि संध्याकाळी सगळे उठून घरी गेले तर ह्याच्या धंद्याला अर्थ काय राहिला. आरेसने थॅनाटॉसला मोकळं केलं आणि सिसिफसला त्याच्या ताब्यात दिलं.

इथे खरं तर केस बंद व्हायला हवी होती.

दुसऱ्यांदा

मरायच्या आधी सिसिफसने बायकोला सांगून ठेवलं की मी गेल्यावर माझं काही करू नकोस. ग्रीक रीत अशी की मेलेल्याला नीट पुरायचं, त्याच्या नावाने अर्पण करायचं, पाताळात जे पोचायला पाहिजे ते पोचवायचं, आणि हे जिवंत नातेवाईकांचं कर्तव्य. मेरोपीने सांगितल्याप्रमाणे काहीच केलं नाही. काही दिवस गेले, पाताळाचा राजा हेडीस याच्याकडे ह्याच्या नावाचं काही येईना. मग हा तक्रार घेऊन उभा, बघा महाराज, माझी बायको माझं काहीच करत नाही, मला जरा वर जाऊन तिला खडसावून येऊ द्या. हेडीसने सोडलं. हा कोरिंथला आला आणि परत गेलाच नाही, म्हातारा होऊन मरेपर्यंत आरामात राहिला. काही ठिकाणी हर्मिस येऊन त्याला ओढत नेतो असं आहे, म्हणजे ज्या ऑटोलिकसला ह्याने खुरांच्या ठशांवरून पकडलं त्याच्या बापाने शेवटी ह्याला पकडलं, पण फेरेकायडीसचा म्हातारपणाचा शेवट मला जास्त आवडतो.

थिओग्निस नावाचा कवी, इ.स.पू. 6 व्या शतकातला, म्हणतो की त्याने पर्सिफनीला, हेडीसच्या राणीला, गोड बोलून वळवलं. तिचं कामच मेलेल्यांची स्मृती पुसायचं, तरी ह्याचं डोकं शाबूत राहिलं. त्याच्याही आधी, इ.स.पू. 600 च्या सुमाराला, लेस्बॉस बेटाचा कवी अल्कियस आपल्या मित्राला म्हणतो की बाबा रे, पाताळातली अ‍ॅकेरॉन नदी ओलांडल्यावर परत ऊन बघशील असं समजू नकोस, सिसिफससारखा हुशार राजा, त्यालासुद्धा ती दोनदा ओलांडावी लागली, चल पी. म्हणजे दोनदाची गोष्ट तेव्हाच इतकी मुरलेली होती की मैफिलीत नुसतं नाव घेतलं तरी चालायचं.

ही दुसरी सुटका मला पहिलीपेक्षा कितीतरी वरची वाटते. पहिल्यात निदान हात तरी वापरले. दुसऱ्यात त्याने देवांच्याच कायद्याचा धाक देवांना घातला. अंत्यविधी झालेच पाहिजेत हा नियम त्यांचाच, न झालेल्याची तक्रार ऐकून घेतलीच पाहिजे हेही त्यांचंच, आणि ह्याने नियम मोडला तो स्वतःच्याच बाबतीत, बायकोच्या हातून, आणि वर फिर्यादीही स्वतःच झाला.

आणि त्याला अंत्यविधीचं मोल माहीत नव्हतं असंही नाही. तो भाऊ अथामस आठवतोय? त्याच्या बायकोने, इनोने, मुलाला मेलिकर्टिसला घेऊन समुद्रात उडी मारली, आणि पोराचं प्रेत डॉल्फिनने कोरिंथच्या किनाऱ्याला आणून सोडलं. सिसिफसने पुतण्याला पुरलं आणि त्याच्या मानात खेळ सुरू केले, तेच इस्थमियन खेळ, जे पुढे ऑलिंपिकच्या पंगतीत बसले आणि दर दोन वर्षांनी शेकडो वर्षं भरत राहिले. पुतण्याचे दिवस एवढ्या थाटात करणारा माणूस बायकोला सांगतो माझं काही करू नकोस, तेव्हाच हेडीसला शंका यायला हवी होती. बाकी त्याची स्वतःची कबर इस्थमसवर, म्हणजे त्या चिंचोळ्या पट्टीवर, कुठेतरी आहे म्हणतात, पण पॉसेनियस नोंदवतो की सिसिफसच्याच काळच्या कोरिंथवाल्यांपैकीसुद्धा फार थोड्यांना तिचा पत्ता ठाऊक होता.

शिक्षा अशीच का

मरण चुकवायचा किंवा परतवायचा प्रयत्न करणारा हा एकटा नव्हता. हेराक्लीसने अल्केस्टिस नावाच्या राणीला सोडवायला थॅनाटॉसशी कुस्ती केली, वर पाताळातला कुत्रा उचलून आणला, आणि शेवटी त्याला देवांच्या ऑलिंपस पर्वतावर जागा मिळाली. ऑर्फियस गाणं गाऊन परवानगी घेऊन आला, अट मोडली, रिकाम्या हाताने गेला, पण शिक्षा कुणी केली नाही. अस्क्लेपियस वैद्य, मेलेल्यांना उठवायला लागला, तर हेडीसने झ्यूसकडे गाऱ्हाणं केलं की माझ्याकडची भरती कमी झाली, आणि झ्यूसने वीज टाकून त्याला मारलं, तरी पुढे लोक त्याची देवळं बांधून पुजत राहिले. हेराक्लीस झ्यूसचा मुलगा, अस्क्लेपियस अपोलोचा, ऑर्फियसची आई कला देवता. सिसिफसला वर ओळखीचं कोणी नाही. त्याच्याकडे ताकद नाही, गाणं नाही, औषध नाही, नुसतं डोकं आणि तोंड.

मग अशा माणसाला काय शिक्षा द्यायची? पाताळातले त्याचे शेजारी बघा. टिटियस बांधून पडलाय, गिधाडं त्याचं यकृत खातायत. टँटलस पाण्यात उभा, वाकला की पाणी पळतं. दोघांना काही करायचंच नाहीये, फक्त भोगायचंय. सिसिफसला मात्र काम दिलंय. फेरेकायडीसच्या सारांशात कारण अगदी रोखठोक आहे, पुन्हा पळू नये म्हणून. गुंतवून ठेवायचं, बस.

होमरचं वर्णन जवळून बघा: दोन्ही हातांनी आणि पायांनी रेटा देतोय, दगड माथ्यावर नेतोय, आता पलीकडे उलटणार एवढ्यात वजनच फिरतं आणि दगड गडगडत मैदानात. हा परत सुरू, अंगातून घाम वाहतोय, डोक्यावरून धूळ उडतेय. त्या चित्रात पहारेकरी नाही, न्यायाधीश नाही. थॅनाटॉसला फसवता आलं कारण तो समोर आला. पर्सिफनीला वळवता आलं कारण तिने ऐकून घेतलं. असोपसशी सौदा झाला कारण त्याला काहीतरी हवं होतं. दगडाला काही नको आहे. त्याला नियम सांगता येत नाही, बायको आपलं दिवसपाणी करत नाही अशी तक्रार त्याच्याकडे करता येत नाही. सिसिफसच्या हत्यारांपैकी एकही इथे चालत नाही, आणि मला वाटतं ज्याने कुणी ही शिक्षा सुचवली त्याने त्याची फाईल पूर्ण वाचली होती.

चित्रकारांना मात्र पहारा घातल्याशिवाय चैन पडलं नाही. म्युनिकच्या संग्रहालयात इ.स.पू. 530 च्या सुमाराची एक अथेन्सची सुरई आहे, काळ्या आकृत्यांची, त्यात सिसिफस दगड ढकलतोय आणि पर्सिफनी उभी राहून देखरेख करतेय. हो, तीच, जिला त्याने गोड बोलून गुंडाळलं होतं. ह्या वेळी बाई स्वतः हजर. आणि पाताळाच्या किल्ल्या कुणाकडे असतात म्हणाल तर आयाकसकडे, एजिनाचा तो मुलगा, ज्याच्या आईचा पत्ता ह्याने एका झऱ्याच्या बदल्यात विकला होता. दार उघडून मागायचं तर त्याच्याकडे मागावं लागणार.

होमरच्या त्याच 11 व्या सर्गात ओडिसिअस पाताळात जातो, त्या प्रवासात तो मेलेल्या अ‍ॅगमेम्नॉनशी बोलला, अकिलीसशी बोलला, स्वतःच्या आईशी बोलला. सिसिफसला त्याने नुसतं बघितलं आणि पुढे गेला, एक शब्द नाही, आणि ती नाटकांतली शिवी खरी धरली तर तो स्वतःच्या बापासमोरून गेला. बोलायला उत्सुक असलेला माणूस मिळायला त्यानंतर काही शतकं जावी लागली. इ.स.पू. 399 मध्ये अथेन्सच्या कोर्टाने मृत्युदंड दिल्यावर सॉक्रेटिसने ज्युरीला सांगितलं की पलीकडे गेल्यावर मला ज्यांना प्रश्न विचारून बघायला आवडेल अशी मंडळी आहेत तिथे, आणि त्या यादीत ओडिसिअसच्या जोडीला सिसिफसचंही नाव घेतलं.